फोनो घ्यायचा तर मामांना विचारा

आमच्या गिरणीत कुणाला फोनो, म्हणजे तबकड्यांवरची गाणी वाजवणारं यंत्र, घ्यायचा झाला, की तो घरी बोलण्याआधी, सगळी गिरणी ज्यांना मामा म्हणे, त्यांच्याकडे यायचा. मामा त्याला दुकानात घेऊन जायचे, यंत्र पारखायचे आणि घ्या किंवा घेऊ नका ते सांगायचे. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. मी मोडला, ती हकिगत पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. मामांना ऐकू येत नव्हतं.

अजिबात नव्हतं. थट्टा करायचा माझा स्वभाव आहे, हे ओळखीचे लोक जाणतात, पण ही थट्टा नव्हे. मामांची उमेदीची सगळी वर्षं साचेखात्यात गेली होती. साचेखातं म्हणजे गिरणीत जिथे शेकडो माग एकदम चालतात ती जागा. तिथे पहिल्या दिवशी माणूस कानांवर हात ठेवतो, महिन्याभरात हात काढतो आणि दहा-बारा वर्षांनी कानांचा उपयोग विडी अडकवण्यापुरता उरतो. मामांच्या दोन्ही कानांवर एकेक विडी असे. पुढे त्यांना घडीखात्यात तयार कापड तपासायला आणलं. तिथे मी कारकून होतो आणि माझं टेबल त्यांच्या समोरच होतं. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘ओ कारकून’ म्हणत, आणि ते त्यांच्या तोंडी शिवीसारखं वाटत नसे.

बहिऱ्या माणसाला फोनो पारखायला नेतात, याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग एकदा हेडक्लार्कांबरोबर मीही गेलो आणि कळलं. मंगळवार पेठेत फोनोचं एक दुकान होतं. मालकांना सगळे चाचा म्हणत. गिऱ्हाईक पायरी चढलं, की चाचा आधी तबकडी लावत. बाई गायला लागली, की गिऱ्हाईक डोळे मिटून डुलायला लागे, आणि मग त्याला यंत्राऐवजी भांडं विकलं असतं तरी त्याने घेतलं असतं. मामांवर या उपायाचा काडीइतका परिणाम होत नसे. बाई गात असताना ते पेटीचे स्क्रू बघत.

त्या दिवशी मामांनी आधी चहा मागवला. हेडक्लार्कांना वाटलं, पाहुणचार. मामांनी काठोकाठ भरलेला कप उचलला आणि सरळ फोनोच्या पेटीवर, कडेला नेऊन ठेवला.

“लावा आता.”

चाचांचा जीव वरखाली झाला. “क्या मामा, गाना सुनने कू आए, क्या चा पीने कू?”

“गाणं हे ऐकतील. मी मोटर बघतो,” मामा म्हणाले आणि कपावर नजर लावून बसले. तबकडी फिरायला लागली तशी चहावर बारीक लाट उठली. ती लाट शेवटपर्यंत सारखी राहिली तर यंत्र चांगलं. मध्येच दचकली तर आतली स्प्रिंग कुठेतरी अडते आहे. पहिल्या यंत्रावर चहा दोनदा दचकला. मामांनी ते बाजूला सारायला लावलं. दुसऱ्यावर चहा शहाण्यासारखा वागला, तेव्हा मामांनी तो पिऊन टाकला.

मग प्रश्न सुरू झाले. एकदा चावी भरली की तबकडी पुरी होते, का शेवटाला बाईचा बाप्या होतो? स्प्रिंग तुटली तर इथेच बसवणार, का मुंबईला धाडणार? सुया बारा महिने मिळतील का? चैत्र-वैशाखात तुम्ही तबकड्या कुठे ठेवता? हा शेवटचा प्रश्न सोलापूरकराचा होता. आमच्याकडच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या लाखेच्या तबकडीची चार दिवसांत पत्रावळ होते. चाचा म्हणाले, आतल्या खोलीत, थंड जागी. मामांनी एक तबकडी मागून घेतली, फळीवर ठेवली आणि एक डोळा मिटून फळीच्या पातळीला दुसरा डोळा आणला. कापडातली वाकडी वीणही ते तशीच पकडायचे. तबकडी डाव्या अंगाला किंचित उचललेली होती. चाचांनी आणखी एक चहा मागवला.

हे झाले दुकानदाराला विचारायचे प्रश्न. गिऱ्हाइकाचे प्रश्न दुकानाच्या पायरीवर बसून व्हायचे, आणि माझ्या मते मामांची खरी हुशारी तिथे होती. ते कुजबुजत विचारायचे. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे कुजबुजत. मधला आवाज मामांकडे नव्हताच. एक तर ते साचेखात्यातल्यासारखे नुसते ओठ हलवत, तेव्हा आम्हाला काही कळत नसे. नाहीतर बोलत, तेव्हा अख्ख्या पेठेला कळे.

“तुमच्या आळीत रातपाळीचं किती जण हायत?” त्यांनी हेडक्लार्कांना विचारलं. “दुपारी झोपल्याल्या माणसाच्या उशाशी गाणं लावलं तर तो काय तुमाला दुवा देणार न्हाय. चावी कोण भरणार? पयल्या आठवड्यात समदीच भरत्यात, मी तिसऱ्या महिन्याचं इचारतोय. आन् पयल्या दिवशी बोलवायचं राहिलं तर वरीसभर अबोला धरंल असं घरात कोण हाय?”

हेडक्लार्क इकडेतिकडे बघत म्हणाले, “सासरे.”

“मग सासऱ्यास्नी आदी आणून बसवा. यंत्र मागनं न्या.”

समोरचा पानवाला हसत होता. हेडक्लार्कांनी तसंच केलं आणि त्यांच्या घरात त्या वर्षी कुणी रुसलं नाही.

मामांशी बोलायची एक रीत होती. समोर उभं राहायचं आणि तोंड नीट उघडायचं. साचेखात्यात आवाजाने बोलता येतच नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, आणि मामा तर पन्नास पावलांवरून वाचायचे. आमच्या गिरणीत निम्मे विणकर तेलुगू बोलणारे. मामांना तेही ओठांवरून समजे. “तेलुगू ओठ मोकळं असत्यात,” ते सांगत. “कारकुनाचं तेवढं कळत न्हायत. समदं तोंडातल्या तोंडात.”

जिवंत गाणं मात्र ते सोडत नसत. मेळा असो, कीर्तन असो, पुढच्या रांगेत मामा बसलेले असायचे, गाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून. एका कीर्तनकारबुवांनी तर मध्यंतरात यजमानांना बाजूला घेऊन विचारलं होतं, की समोरचे ते गृहस्थ माझे दात का मोजतात? मामा घरी जाताना मत देत. “आज बुवांना गायचं न्हवतं. ओठ पुढं जात हुते आन् डोळं मागं ऱ्हात हुते.” ते मत बहुधा बरोबर असे.

साचेखात्यातल्या चौघांची गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. चौघे विणकर, एकाच खोलीत राहणारे. मामांना न विचारता त्यांनी मिळून एक फोनो घेतला. चाचांच्या दुकानातला सगळ्यांत मोठ्या कर्ण्याचा. खोलीवर नेऊन त्यांनी तो मध्यभागी मांडला आणि चौघेही कर्ण्याच्या तोंडासमोर बसून आत बघायला लागले. सवयच ती. कुणी बोलायला लागलं, की तोंडाकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी चौघे यंत्र डोक्यावर घेऊन दुकानात हजर. तक्रार एकच.

“ह्यात गाणारा न्हाय. नुसता तबला हाय.”

चाचांना काही कळेना. त्यांनी तबकडी लावली. “बाई गाती ना जी! गला फाड के गाती!”

“न्हाय. तबला हाय.”

प्रकरण हातघाईवर येतंय असं दिसल्यावर चाचांनी गिरणीत निरोप धाडला. मामांबरोबर मीही गेलो. खरं सांगायचं तर मजा बघायला गेलो. तबकडी फिरत होती. मामांनी चौघांच्या तोंडांकडे पाहिलं, कर्ण्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, “ओ कारकून, बाई गाती का?”

मी म्हणालो, “गाते आहे. चांगलं गाते आहे.”

 मामा त्या चौघांकडे वळून आवाज न काढता काहीतरी बोलले. फार नाही, दोन वाक्यं असतील. चौघांचे चेहरे पडले. त्यातला वयाने सगळ्यांत लहान, तिशीही गाठली नसेल, तो आपल्या कानाला हात लावून बघायला लागला. मी आलो होतो हसायला, पण मला तिथे उभं राहवेना. चाचांनी कुरकुर न करता यंत्र परत घेतलं. वाटेत मी मामांना विचारलं, काय सांगितलंत? “सांगितलं, बाई हाय त्यात. आपल्या वाट्याला तबलाच ऱ्हायलाय,” ते म्हणाले आणि उजव्या कानावरची विडी काढून पेटवली. त्या दिवसापासून त्यांचा पहिला प्रश्न बदलला. ऐकणार कोण, आणि त्याला काय ऐकू येतं, हे ते सगळ्यांच्या आधी विचारायला लागले.

आता माझं.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. बायको जेऊरची. गाणं कुणापाशी शिकलेली नव्हती, पण घरात सारखं काहीतरी गात असे. भाकरी थापताना एक, धुणं वाळत घालताना दुसरं, मला उशीर झाला आणि ती रागावलेली असली तर तिसरंच. आवाज मोकळा आणि खणखणीत. शेजारणी आपले तांदूळ घेऊन आमच्या ओट्यावर निवडायला बसायच्या, त्या गप्पांसाठी बसतात अशी माझी समजूत होती. तिचं गाणं मला इतकं सवयीचं झालं होतं, की मी ते ऐकतच नव्हतो.

एकदा हेडक्लार्कांनी आम्हाला त्यांचा फोनो ऐकायला बोलावलं. मी एकटाच गेलो. त्यांच्या तबकडीतल्या बाईची तान ऐकून मी खुळाच झालो. घरी आलो तर ही चुलीपाशी आपलं गाणं म्हणत बसलेली. मी म्हणालो, “थांब जरा. खरं गाणं कसं असतं, ते तुला ऐकवतो एकदा.” मी ते प्रेमाने म्हणालो होतो. प्रेमाने माणूस किती वाईट बोलू शकतो याचा मला तेव्हा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर ठेवून मी मामांकडे विषय काढला. सगळे प्रश्न मला पाठ होते. आळीत रातपाळीचं कुणी नाही. चावी मी भरणार. तबकड्या माळ्यावर नाही, खाली कोनाड्यात. रुसणारी आत्या आहे, तिला आधी बोलावतो. ऐकणार आम्ही दोघं, आणि दोघांचेही कान शाबूत. मामा मान डोलवत होते. मग म्हणाले, “सध्या घरात कोण गातं?”

“कुणी नाही. बायको गुणगुणते आपली.”

“गुणगुणती का गाती?”

“गातेच म्हणा.”

“मग तिला इचारा, पेटी आल्यावर तू गाणार का. व्हय म्हणली तर मी येतो दुकानात.”

“तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर घेतोय.”

“म्हणून तर. तिला इचारल्याबिगर मी येत न्हाय.” आणि ते भाकरी मोडायला लागले.

मला राग आला. ऐऱ्यागैऱ्याबरोबर जाणारा हा माणूस माझ्या वेळेला अडून बसतो म्हणजे काय? बायकोला विचारायचा प्रश्नच नव्हता. यंत्राच्या बाबतीत बायकोचा सल्ला घ्यायचा हे माझ्या कारकुनी अकलेत बसणारं नव्हतं. दोन दिवस मी धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी मामा घडीखात्याच्या पार त्या टोकाला, खिडकीच्या उजेडात कापड धरून उभे होते. मी या टोकाला हेडक्लार्कांच्या टेबलापाशी होतो. आवाज खाली आणून मी म्हणालो, “ठार बहिऱ्या माणसाला गाण्यातलं काय कळतंय? उगीच आपण डोक्यावर चढवून ठेवलंय.”

आवाज खाली आणला, पण तोंड त्यांच्याकडेच होतं. हेडक्लार्कांनी माझ्या दंडाला चिमटा काढला तेव्हा मी वर पाहिलं. मामांच्या हातातलं कापड तसंच होतं आणि नजर माझ्या ओठांवर होती. क्षणभराने त्यांनी कापड पुढे ओढलं आणि तपासायला लागले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पहिल्यासारखेच वागत राहिले. कामाचं सांगत, कागद देत. फक्त मी तोंड उघडलं, की ते खाली टेबलाकडे बघत. ज्याला डोळ्यांनी ऐकायचं असतं त्याने खाली बघितलं, की दार लागलं. मी चार-सहा वेळा दार ठोठावलं आणि मग माझाच मान आडवा आला.

फोनो मी एकटा जाऊन घेतला. “मामा नहीं आए?” चाचांनी विचारलं. कामात आहेत, मी म्हणालो. चाचांनी तबकडी लावली, मी डोळे मिटून डुललो आणि यंत्र घेऊन घरी आलो. बायको हरखून गेली. कर्णा पदराने पुसला, हळद-कुंकू लावलं. आत्या आली, शेजारणी आल्या, महिनाभर आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. चावी भरायचं काम मी आठवडाभर केलं. मग ते तिच्याकडे गेलं.

तीन महिन्यांत स्प्रिंग तुटली. चाचा म्हणाले, मुंबईला धाडावी लागेल. धाडली. आणि त्या रविवारी सकाळी मी घरात बसलेलो असताना माझ्या लक्षात आलं, की घर गप्प आहे. आतून फक्त भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थाप, थाप, आणि मध्ये काही नाही. कधीपासून हे असं होतं? मला सांगता येईना. लक्षात यायला यंत्र मोडावं लागलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मी दाराशी जाऊन म्हणालो, “का गं, गाणं म्हणायचं सोडलंस?”

“आता काय म्हणायचं?” ती भाकरी उलटत म्हणाली. “त्या बाईचं ऐकल्यापासनं माझं मला कळलं की.”

“काय कळलं?”

“हेच. तुमीच म्हणाला हुता की, खरं गाणं ऐकवतो म्हणून. ऐकलं.” ती हसली. रागाचा लवलेश नव्हता. तिने मला माझं बोलणं ऐकवलं असंही नव्हे. तिला ते खरोखर पटलेलं होतं. मी तिला ‘म्हण की’ म्हणालो, आर्जवं केली. ती माझी समजूत काढायला लागली. मी बाहेर जाऊन आडोशाला उभा राहिलो, तर आतून नुसती थाप, थाप.

दुपारी मी मामांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. आत मामी वाती वळत बसल्या होत्या आणि मामा त्यांच्यासमोर पाटावर, दोन हातांच्या अंतरावर. मामींचे ओठ सारखे हलत होते, मामांचा हात मांडीवर पडत होता, आणि घरात दुसरा आवाज म्हणून नव्हता. मला वाटलं, भांडण चाललंय. मग लक्षात आलं, मामी गात होत्या.

मला बघून त्या थांबल्या आणि लाजल्या. “आमचं असंच असतंया,” त्या म्हणाल्या. “मीबी वायंडिंगची, सूत गुंडाळायच्या खात्यातली, ओठांनी बोलायची सवय.” मी का आलोय ते त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी वाती खाली ठेवल्या. “आमच्याकडंबी हुती पेटी. लई वर्सांमागं, नव्या नवलाईची. ती आली आन् मी गप झाले. कुणी गप बस म्हणलं न्हाय बगा. आपसूक झाले. ह्यांच्या ध्यानात आलं तवर ह्यांचं कान गेलं हुतं. एक दिस म्हणाले, म्हण. म्हणलं, तुमाला ऐकू येत न्हाय, कुणासाटी म्हणू? तर म्हणाले, तोंड दिसतंय की.” त्यांनी एक वात पुन्हा उचलली. “आवाज काढून बगितला मी. आता निघत न्हाय. ऱ्हायलं ते ओठांवरच.”

मामा हे सगळं बघत होते. माझ्याकडे मात्र नव्हते बघत. मी त्यांच्या समोर गेलो, त्यांनी नजर जमिनीवर नेली म्हणून जमिनीवर उकिडवा बसलो, मान वाकडी करून तोंड त्यांच्या नजरेपुढे आणलं आणि म्हणालो, “मामा, चुकलं माझं. मी नीच बोललो.”

त्यांनी ते नीट वाचून घेतलं. मला वाटलं, माझ्या उकिडव्या ध्यानाचं त्यांना हसू येत असावं.

“किती दिस झालं गप हाय?” त्यांनी विचारलं.

“तीन महिने.”

ते उठले, खुंटीवरचा काळा कोट घातला, पटका बांधला. मामी म्हणाल्या, चहा तरी घेऊन जावा. “चा तिकडं,” मामा म्हणाले आणि वहाणा घालून माझ्याआधी रस्त्याला लागले.  मी घाबरलो होतो. मामींच्या त्या हलणाऱ्या ओठांमागची शांतता माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. माझ्या घरात तेच व्हायचं होतं, आणि ते मी करून ठेवलं होतं.

बायकोने त्यांना पाट दिला, चहा केला. मामांनी पाट उचलून सैपाकघराच्या उंबऱ्याशी मांडला, तिच्या समोर. मला म्हणाले, “तुमी भाईर ओट्यावर बसा.” मी बसलो. दाराशीच बसलो, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. मामांचं बोलणं तर आळीलाच ऐकू जात होतं.

“पोरी, एक गाणं म्हण.”

“नगं मामा. मला कुटं येतंय.”

“मला ऐकू येत न्हाय, ठावं हाय न्हवं? तू बेसूर झालीस तर मला कळणार न्हाय. चुकलीस तर कळणार न्हाय. माझ्याम्होरं लाजायचं काय कारण?”

ती हसली. “मग ऐकू येत न्हाय तर म्हणू कुणासाटी?”

“तोंड बघतो की मी. दुकानात समदं मिळतं, गाणाऱ्याचं तोंड मिळत न्हाय. म्हण.”

 मग ती हळूच सुरू झाली. जेऊरला तिच्या आईकडून आलेलं, धुण्याच्या वेळचं गाणं होतं ते. दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फाटला. मी ओट्यावर बसल्या बसल्या मुठी आवळल्या. आता ती थांबणार, आणि एकदा थांबली की संपलं. ती थांबलीच. पण आवाज फाटला हे मामांना कळलंच नव्हतं. त्यांचा हात मांडीवर पडतच राहिला, ठेका सोडून न देता, पुढच्या ओळीची वाट बघत. मला तो हात ऐकू येत होता. एक आवर्तन रिकामं गेलं, दुसरं गेलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला ताटकळत ठेवायचं तिच्या जिवावर आलं असावं. तिने घाईघाईने ती ओळ धरली, ठेका गाठला आणि पुढे गेली. तिसऱ्या ओळीला आवाज उघडला. शेजारचं दार वाजलं आणि कुणीतरी बाहेर येऊन उभं राहिल्याचं मला जाणवलं, पण मी वळून पाहिलं नाही. मी पहिल्यांदा ते गाणं ऐकत होतो.

कडवं संपलं. आतून हाक आली, “ओ कारकून! हिकडं या.”

मी दारात गेलो. बायकोच्या कपाळावर घाम आला होता आणि ती पदराचा शेव बोटाला गुंडाळत होती. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, किती तरी दिवसांनी.

“कसा हाय ओ आवाज?” त्यांनी विचारलं. “मला काय कळत न्हाय. तुमी सांगा.”

मी समोर उभा राहिलो, तोंड नीट उघडलं आणि म्हणालो, “चांगला आहे, मामा.”

“मला सांगून काय उपेग? तिला सांगा की.”

सहा वर्षांत मी ते तिला कधी सांगितलं नव्हतं. भाकरी चांगली झाली म्हणालो होतो, लुगडं शोभतं म्हणालो होतो. मी तिच्याकडे वळलो. मामा बघत होते, त्यामुळे शब्द तोंडातल्या तोंडात ठेवायची सोय नव्हती.

“तुझा आवाज फार चांगला आहे,” मी म्हणालो. “मला तो हवा आहे घरात.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, ते तिने मनगटाने पुसले.

“हे आदी सांगायचं की,” ती म्हणाली. मग घसा खाकरला आणि पुढचं कडवं धरलं.